पाचवा डबा

४ जानेवारी

गणवेशाच्या कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी ही डायरी दिली. जाड पुठ्ठा, मधे रेशमी फीत, पानागणिक तारीख. म्हणाले, "मिस्त्री, रोजची कामं लिहीत जा." कामं माझ्या डोक्यात असतात, त्यांना कागद लागत नाही. पण एवढी कोरी पानं वाया घालवणं माझ्याच्याने होणार नाही. आजवर काहीच वाया घालवलं नाही म्हणून तर इथवर आलो. सायकलच्या कॅरियरला पेटी बांधून दारोदार शिलाई मशीन दुरुस्त करत फिरायचो. आज स्वतःचं दुकान आहे, हाताखाली दोन कारागीर आहेत आणि कारखान्यातल्या एकशेचाळीस मशीनची देखभाल माझ्याकडे आहे.

हा करार दर वर्षी एकतीस मार्चला नवा होतो. त्याआधी परीक्षा. हॉलमधली सगळी मशीन एकदम चालू करतात, मी मधून चालत जायचं आणि जे मशीन आजारी असेल त्याच्याकडे बोट करायचं. शिवणाऱ्या बायकांच्या तक्रारींची यादी साहेबांच्या खिशात असते, ती ते मागाहून काढतात. बारा वर्षांत माझं बोट आणि त्यांची यादी यांत फरक पडलेला नाही. ना मीटर, ना दुर्बीण. फक्त हे दोन कान.

हिला म्हटलं, "मी माझं आयुष्य लिहून ठेवतोय. तू वाचायचं नाहीस हं."

ही म्हणाली, "वाचू कशाला? समोरच तर घडलंय."

६ जानेवारी

दुकानाच्या फळीवर माझे पाच डबे आहेत. पहिल्यात स्क्रू, दुसऱ्यात स्प्रिंगा, तिसऱ्यात सुया, चौथ्यात बॉबिन. सगळं उरलेलं, निघालेलं, पण कामाचं. पाचव्यात गोळ्या.

ही कल्पना माझी. माणूस डॉक्टरकडून दहा गोळ्या आणतो, चार पोटात गेल्या की बरा होतो. मग बाकीच्या सहा लोक चक्क फेकून देतात! एका मशीनचा उरलेला स्क्रू दुसऱ्याला बसतो, तर एकाची उरलेली गोळी दुसऱ्याला का बसू नये? गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, उरलं की मिस्त्रीकडे द्या. पाकिटं फार जागा खातात म्हणून सोलून टाकतो. आत वेगवेगळ्या पुड्या केल्यात: लहान, मध्यम, मोठ्या आणि लाल-पिवळ्या.

आज मेव्हणा आला, नाक गळत होतं. मी त्याला दोनदा शिंकायला लावलं. शिंक जोरकस, पण शेवटाला घरघर. लाल-पिवळ्या दोन दिल्या.

"दाजी, तुमच्या हाताला गुण आहे," म्हणाला.

१२ जानेवारी

मेव्हणा ठणठणीत. हिला मुद्दाम सांगितलं. ही म्हणाली, "त्याची सर्दी लहानपणापासून सातव्या दिवशीच जाते." काही लोकांच्या तोंडून कौतुक निघतच नाही.

समोरचा लंबू टेलर खोकत आला. ऐकताक्षणी ओळखलं, कोरडा खोकला, तेल संपलेल्या मशीनसारखा. लहान पांढऱ्या तीन दिल्या, सकाळी एक याप्रमाणे.

१४ जानेवारी

लंबूच्या दुकानात त्याचं मशीन बघायला गेलो होतो. खोकला जरा कमी आहे म्हणाला. अंगात चपळाई मात्र भलतीच आली आहे. मी अर्धा तास होतो, तेवढ्यात चार वेळा "आलोच हं मिस्त्री" म्हणून मागच्या दाराने पळाला. गिऱ्हाइकाच्या गळ्यात टेप तसाच टाकून. एरवी जागचा उठत नाही हा माणूस. गोळी चांगली दिसते, त्या पुडीवर खूण करून ठेवली.

२० जानेवारी

उजवा कान दोन दिवस खाजतोय. क्रोशाच्या सुईला कापूस गुंडाळला, मशीनच्या तेलात बुडवला आणि आतून छान फिरवला. फार बरं वाटलं. ही किंचाळली. मशीन साफ करताना कुणी किंचाळत नाही.

२२ जानेवारी

कान ठणकतोय. डबा उघडला, मोठी पांढरी एक सकाळी आणि एक संध्याकाळी घेतली. सहा होत्या त्या पुडीत.

२४ जानेवारी

कान एकदम शांत! चार गोळ्यांत काम झालं. उरलेल्या दोन डब्यात परत. अशी बचत करणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

दुकानात मात्र डोकं फिरलं. परवा एक बाई आल्या होत्या, केसांत पांढरी बट, बोलणं मोजकं. त्यांच्या आईचं जुनं मशीन, शिवताना खटखट वाजतं आणि धागा तुटतो. पाच दिवस लागतील म्हणून सांगितलं होतं. आज आल्या, चाक फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "आवाज तर थांबलाय. मी घेऊन जाते."

मी म्हटलं, "बाई, आवाज थांबला म्हणजे मशीन बरं झालं असं कुणी सांगितलं तुम्हाला? मी वरचा स्क्रू आवळलाय, आतलं शटल, बॉबिन ज्यात बसते ते, अजून सैलच आहे. आत्ता न्याल तर पंधरा दिवसांत परत याल, आणि तेव्हा शटल चिरलेलं असेल. मग देव आला तरी ते दुरुस्त करणार नाही. मी सांगेन तेव्हाच न्यायचं."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या, "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या आणि मशीन ठेवून गेल्या. शिकलेली माणसंसुद्धा अर्ध्यावरच काम सोडतात, काय म्हणावं.

९ फेब्रुवारी

कान पुन्हा सुरू झाला. या खेपेला ठणका जास्त, आणि सकाळी उशीला पिवळा डाग होता. मोठ्या पांढऱ्या दोन होत्या त्या घेतल्या. मग लाल-पिवळ्या दोन. लंबूने स्वतःच्या घरातून मध्यम आकाराच्या तीन आणून दिल्या, त्याही चालू केल्या. तीन बाजूंनी घेरलं की जंतू पळणार कुठे?

१३ फेब्रुवारी

जरा बरं आहे. गोळ्या बंद.

हिने दोनदा हाक मारली, "अहो, फोन वाजतोय." फोनचा आवाज बिघडलाय बहुतेक. तो उघडून साफ केला.

१७ फेब्रुवारी

कारखान्याचं सत्त्याण्णव नंबरचं मशीन दुकानात आलं. त्यावर शिवणारी बाई म्हणत होती टिकटिक करतं. मला टिकटिक ऐकू येईना. मशीनवर हात ठेवून बोटांनी शोधली, पहिल्या डब्यातला एक जुना स्क्रू बसवला, हाताला लागणारी थरथर गेली. आत उघडून बघायला हवं होतं. पण कान असा ठणकत होता की वाटेल तो सौदा करून घरी पळावं. पाठवून दिलं मशीन.

हे इथेच लिहितोय, कारागिरांना सांगितलेलं नाही.

२१ फेब्रुवारी

आज स्वतःची तपासणी केली. लंबूचा टेप आणला, मनगटी घड्याळ कानापासून लांब लांब धरत गेलो, टिकटिक कुठवर ऐकू येते ते मोजलं. डावा कान चाळीस इंच. उजवा अकरा.

टेप उलटा धरला असेन म्हणून पुन्हा मोजलं. अकराच.

२ मार्च

उजवा सात इंच. डब्यातल्या सगळ्या मोठ्या संपल्या, मध्यम संपत आल्या. मेव्हण्याकडे निरोप पाठवलाय, त्याच्या सासूच्या उरलेल्या असतील तर दे म्हणून.

एकतीस तारखेला एकोणतीस दिवस राहिले.

१० मार्च

तीन इंच.

म्हणजे घड्याळ जवळजवळ कानाला चिकटवावं लागतंय. दुकानात आज एक बिघडलेलं मशीन म्हणून चांगलं मशीन उघडून बसलो. दोन्ही कारागिरांनी एकमेकांकडे बघितलं आणि कामाला लागले. बारा वर्षं त्यांना शिकवलंय की मिस्त्री उघडतो तिथे काहीतरी सापडतंच. मी एक स्प्रिंग काढली, तीच परत बसवली आणि "हं" म्हटलं.

कान गेला तर मी कोण? पेटी घेऊन फिरणारा एक म्हातारा. मशीन उघडून बघणारे गल्लोगल्ली आहेत, ऐकून सांगणारा मी एकटा.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

१२ मार्च

हिने न विचारता कानाच्या दवाखान्यात नाव घातलं आणि मला रिक्षात बसवलं. आत गेलो, तर खुर्चीत त्याच बाई! केसांत पांढरी बट, आईचं मशीन. म्हणाल्या, "या मिस्त्री. मशीन छान चाललंय हं."

कानात दिवा घालून बराच वेळ बघितलं. चेहरा मशीनवाल्याचा झाला, म्हणजे आत काहीतरी वाईट दिसल्यावर आम्ही करतो तसा. मग विचारलं, "याआधी काही औषध घेतलंत?"

"छे," मी म्हटलं. "एक गोळी नाही."

हिने पिशवी उघडली. पिशवीतून ही डायरी काढली. ही! माझी! "मी वाचत नाही," डॉक्टरबाईंना म्हणाली, आणि रेशमी फीत नेमकी बावीस जानेवारीच्या पानावर होती.

बाईंनी पानं उलटली. सगळं मोठ्याने वाचलं, दारातली नर्ससुद्धा ऐकत होती. मोठ्या पांढऱ्या, लाल-पिवळ्या, लंबूच्या मध्यम. "तीन बाजूंनी घेरलं" इथे नर्स बाहेर गेली, खांदे हलत होते तिचे.

"मिस्त्री, इतका व्यवस्थित रोगी मला आजवर मिळाला नव्हता," बाई म्हणाल्या. "सगळं लिहिलंय. फक्त सगळं चुकलंय."

कानातला स्राव कापसाच्या काडीवर घेतला, बाटलीत घातला. तपासायला जाणार. डबा घेऊन या म्हणाल्या.

१६ मार्च

रिपोर्ट आला. जंतू वाढवून त्यांच्यावर चौदा औषधं घालून बघितली म्हणे. त्यातल्या अकरांपुढे फुली. अकरा औषधांना माझ्या कानातले जंतू भीक घालत नाहीत. मला क्षणभर अभिमानच वाटला, कुणाच्याही कानात असे नसतील.

बाईंनी तो अभिमान टिकू दिला नाही. म्हणाल्या, "पहिल्या चार गोळ्यांनी मेले ते मेंगळट जंतू. म्हणून बरं वाटलं. चिवट होते ते मागे राहिले, त्यांना मोकळं रान मिळालं. मग तुम्ही दुसरं औषध दिलंत, तेही थोडंसं. तिसरंही थोडंसं. म्हणजे त्यांना मारलं नाहीत, तालीम दिलीत."

"आता?"

"आता तीन औषधं उरलीत. त्यातलं एक इंजेक्शन, दहा दिवस, रोज दोनदा, इथे येऊन. रोज कान साफ करायचा. मग आठ दिवस गोळ्या. पडद्याला भोक पडलंय, ऐकू किती परत येईल ते आत्ता सांगत नाही. आणि मिस्त्री, वरचा स्क्रू आवळून मशीन न्यायचं नाही. मी सांगेन तेव्हाच."

मशीनची गोष्ट बाईंनी मधेच का काढली कळलं नाही. ही मात्र पदराने तोंड झाकून हसत होती.

डबा बघितला त्यांनी. पुड्या टेबलावर ओतल्या आणि एकेक उचलून सांगत गेल्या. लाल-पिवळ्या, या जंतूंवरच्या, पण मेव्हण्याच्या सर्दीवर यांचा काडीचा उपयोग नाही, सर्दीचे विषाणू यांना ओळखतही नाहीत. मध्यम आकाराच्यातल्या निम्म्या माझ्या बायकोच्याच, हाडांसाठी दिलेल्या. म्हणजे फेब्रुवारीत मी कानाची हाडं भक्कम करत होतो. आणि लंबूच्या खोकल्याला दिलेली लहान पांढरी बघून त्या खुर्चीत ताठ झाल्या. "ही रक्तदाबाची आहे. हिने लघवी होते. कुणाला दिलीत? कितीशा?"

तीन दिल्या म्हटलं. मग ते चार वेळा "आलोच हं" आठवलं.

लंबूला आज संध्याकाळी त्या दवाखान्यात पाठवला. रक्तदाब मोजून आला, बरा आहे. येऊन माझ्याकडे असं बघितलं की मी स्वतःहून त्याच्या मशीनला तेल घातलं.

डबा दवाखान्यातच ठेवून घेतला, गोळ्या नीट नष्ट करतात म्हणे, गटारात टाकायच्या नाहीत. रिकामा डबा मला परत दिला. फळीवर ठेवला. उघडा पडल्यासारखा दिसतो.

२० मार्च

इंजेक्शनचा चौथा दिवस. कान वाहायचा थांबला, ठणका नाही. हिला म्हटलं, "आता पुरे, नाही का? कारखान्याच्या तयारीला वेळ..."

हिने रिक्षा बोलावली.

२३ मार्च

मेव्हणा आला, शिंकत. "दाजी, त्या लाल-पिवळ्या."

"नाहीत."

"डबा तर समोर आहे!"

"रिकामा आहे. आणि असत्या तरी दिल्या नसत्या."

"सख्ख्या मेव्हण्याला दोन गोळ्या नाहीत?" त्याचा आवाज चढला. "गल्लीभर वाटत सुटलात तेव्हा काय झालं होतं?"

मी त्याला चिवट जंतूंची सगळी कथा सांगितली. तो कंटाळला, रागारागाने डॉक्टरकडे गेला आणि तासाभराने आणखी रागावून परत आला. "बाईने काहीच दिलं नाही! गरम पाणी पी आणि झोप म्हणते. यासाठी मी नंबर लावला होता?" माझ्या नावाने काहीतरी पुटपुटत गेला. उजव्या बाजूने पुटपुटला, त्यामुळे ऐकू आलं नाही.

२९ मार्च

मेव्हणा ठणठणीत. आज सातवा दिवस. ही काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघत उभी राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

इंजेक्शनं संपली, गोळ्या चालू. उजवा कान सतरा इंच. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाढेल अजून थोडं, पूर्वीइतका होईलच असं नाही.

३० मार्च

ठरवत होतो, साहेबांना काही सांगायचंच नाही. डावा कान पुढे करून चालायचं, मान वाकडी का विचारलं तर झोपेत अवघडली म्हणायचं. ही म्हणाली, "उद्या मीही येते, पेटी धरायला." बारा वर्षांत कधी आली नाही.

३१ मार्च

हॉल तसाच होता. एकशेचाळीस मशीन, दोन्ही बाजूंना रांगा, मधे वाट. भोंगा वाजला, सगळं एकदम सुरू झालं. एरवी तो आवाज मला चहूकडून येऊन भिडतो. आज डावीकडे कारखाना होता आणि उजवीकडे भिंतीपलीकडच्या पावसासारखी नुसती कुजबुज.

मी डाव्या रांगेला कान देत शेवटापर्यंत गेलो. तीन मशीनकडे बोट केलं. तिथून वळलो, म्हणजे उजवी रांग डाव्या कानाला आली, आणि तसाच परत आलो. तीन बोटं.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, या वर्षी जाऊन-येऊन?"

अवघडलेली मान ओठावर आली होती. ही माझ्या उजव्या बाजूला पेटी घेऊन उभी होती. मी म्हटलं, "साहेब, उजवा कान अर्धाच आहे. माझ्याच हाताने घालवला." आणि सगळं सांगितलं, डब्यासकट.

साहेबांनी यादी काढली. सात नंबर होते. माझी सहा बोटं बरोबर. राहिलं ते सत्त्याण्णव.

सत्त्याण्णव.

मी तिथेच खाली बसून ते उघडलं. माझाच जुना स्क्रू होता, नीट आवळलेला, चकचकीत. आणि त्याच्या आत शटल चिरलेलं. फेब्रुवारीत पाच दिवस ठेवलं असतं तर वाचलं असतं. थरथर थांबली म्हणून पाठवून दिलं होतं मी.

आता कळलं डॉक्टरबाईंनी मशीनची गोष्ट का काढली होती. हिला म्हटलं, तर म्हणाली, "हो का?"

साहेबांनी यादीची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "करार सहा महिन्यांचा करू. सप्टेंबरमध्ये पुन्हा ऐकू. आणि मिस्त्री, खोटं बोलला असतात तर सहा दिवसांचाही केला नसता. तुम्हाला मान वाकडी करून चालताना मी पहिल्या रांगेतच बघितलं होतं."

जेवणाची सुट्टी झाली, बायका उठून गेल्या. मी नवीन शटल बसवायला घेतलं. ही पेटीतून एकेक हत्यार हातात देत होती, मागायच्या आधी.

२ एप्रिल

कान अगदी शांत. उद्याच्या दोन गोळ्या उरल्यात. फळीवरचा पाचवा डबा रिकामा बघवत नाही. बरंच तर वाटतंय. दोनच गोळ्या, चांगल्या, पाकिटासकट, नावासकट. अडीअडचणीला घरात असाव्यात, एवढाच विचार आला. नुसता विचार.

३ एप्रिल

कालच्या पानाखाली निळ्या शाईने लिहिलेलं सापडलं: "मोजलेल्या आहेत. दोन्ही घ्यायच्या. मी ही डायरी वाचत नाही."

एक सकाळी घेतली, एक संध्याकाळी, दोन्ही हिच्यासमोर, नंतर तोंड उघडून दाखवलं. डॉक्टरबाईंनी कान बघून "आता बंद" म्हटलं. त्यांनी म्हटलं, मी नाही.

पाचव्या डब्यात सत्त्याण्णव नंबरचा तो स्क्रू आणि चिरलेलं शटल टाकलं. ते कुठल्याही मशीनला बसवायचं नाही.

घड्याळ तेवीस इंच. मग टेप बाजूला ठेवला आणि हिला म्हटलं, उजव्या बाजूने ये आणि काहीतरी कुजबुज, अगदी हळू. ती वाकली आणि म्हणाली.

सगळं ऐकू आलं, शब्दन् शब्द. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. ही वाचते.